चारची रेकॉर्ड

काकाजी रेल्वेत गार्ड होते. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते तसं कोणाला वाटू देत नसत. सकाळी वंदना, मग दाढी, मग इस्त्रीचा पांढरा शर्ट, मग घड्याळ. घड्याळ हातात चढलं की माणूस ड्युटीवर. ड्युटी एवढीच, की दुपारी चार वाजता एक इंग्रजी रेकॉर्ड लावायची. रोज, आणि तीच.

पहिल्या दिवशी मी त्यांना साहेब म्हटलं तर ते दुखावले.

"साहेब नको म्हणू वं बाई. साहेब ऑफिसात राह्यते. मी गाडीच्या शेवटच्या डब्यात होतो."

मग मी काकाजी म्हणू लागले. म्हणजे मनात म्हणत होते. तोंडाने त्यांना हाक मारायला मला सहा-सात महिने लागले असतील. मला लोकांशी बोलता येत नाही. समोरचं माणूस उत्तराची वाट बघायला लागलं की माझा घसा बंद होतो. काकाजींना ते पहिल्या आठवड्यातच कळलं आणि त्यांनी त्याच्यावर आपल्या पद्धतीने उपाय काढला.

त्यांचं घर नागपूरला सदरमध्ये, दुकानांच्या वर, दुसऱ्या माळ्यावर. एक मोठी खोली, एक झोपायची, आणि स्वयंपाकघराचा दरवाजा मोठ्या खोलीतच उघडणारा. रेकॉर्ड सुरू असताना घरात आवाज चालत नसे. कुकरची शिटी नाही, मिक्सर नाही, नळ नाही, बोलणं तर नाहीच. म्हणून चारच्या आधी मी सांगायचं, की माझं आवाजाचं काम झालं. ते मला सांगता येईना. चार वाजायचे, ते रेकॉर्डजवळ उभे राहायचे, "ऑल राईट का बाई?" विचारायचे, आणि मी आत ओट्याला टेकून गप्प.

एक दिवस त्यांनी दोन फडकी आणून दिली. एक हिरवं, एक लाल.

"काम बाकी असन तं लाल. झालं तं हिरवं. तोंड उघडाचं काम नाही. आयुष्यभर मी लोकांले झेंडी दाखवली, आता कोणी तरी मले दाखवा."

तेव्हापासून मी चारला दारात उभी राहून हिरवं फडकं हलवायचे. ते मान हलवायचे, घड्याळ बघायचे, सुई ठेवायचे. सुई टेकली की आधी नुसती करकर यायची, तव्यावर तेल तापल्यासारखी. मग गिटार.

रेकॉर्ड त्यांना एका अँग्लो-इंडियन गार्डने दिली होती. काकाजी नवीन असताना त्याच्या हाताखाली शिकले. तो माणूस बायकामुलं घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधलं सगळं सामान विकलं, आणि ही एक रेकॉर्ड आणि ती वाजवायची पेटी काकाजींना देऊन गेला. "तो म्हणे, हे विकलं तर रडू येते, आणि नेलं तर तिथं वाजवता येणार नाही," काकाजी सांगायचे. का वाजवता येणार नाही, ते मला कळलं नाही. विचारलंही नाही. कव्हरवर एका हिरव्या टेकडीवर चार केसाळ माणसं छत्र्या उघडून उभी आहेत, आणि ऊन पडलेलं आहे.

त्यातलं मला एक अक्षर समजत नव्हतं. पहिले काही महिने मला ते भांडण वाटे. ढोल बडवतात, कोणीतरी ओरडतो, मधेच सगळे थांबतात. मग केव्हातरी, मेथी निवडताना असेल, माझ्या लक्षात आलं की पुढे काय येणार ते मला ठाऊक आहे. आता सगळे थांबतील, आता एकटी गिटार येईल, ती वर जाईल, अजून वर जाईल, आणि मग तो माणूस खालच्या आवाजात काहीतरी म्हणेल. तसंच झालं. मी मेथीची काडी हातात धरून तशीच बसले. आपल्याला एखादी गोष्ट आधीच माहीत असणं, आणि ती तशीच होणं, हे माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं मला सगळ्यात आवडे. एकदा धीर करून विचारलं, ते कशाचं आहे.

काकाजी खुश झाले. "एक बस होती म्हणते. गिरणीतल्या लोकांले वर्षातून एकदा समुद्रावर नेत जाय. मग गिरणी बंद, बस बंद. पण तो माणूस अजून डबा भरून उभा आहे. आपली नागभीडची छोटी गाडी समज."

नागभीडच्या छोट्या गाडीत मी लहानपणी बसले होते, आणि तीही आता बंद झाली होती. मला ते गाणं लगेच कळलं. पण दोनच दिवसांनी त्याच गाण्याला ते म्हणाले, की यात एक बाई आहे, तिचा नवरा फिरतीवर असतो आणि ती दोन कप चहा करते.

"परवा तं बस सांगितली होती," मी म्हटलं.

"परवा बसच होती."

"मग खरं कोणतं?"

"तू कोणतं ऐकून राहिली आज?"

त्यांच्या बायकोला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी मला दोन कपांचंच ऐकू आलं.

फडक्यांनी एकदा घोटाळा केला. कामठीहून त्यांची मेहुणी आली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत रंगात आली होती, डॉक्टरने गुडघा उघडला होता आणि अजून शिवला नव्हता. चार वाजत आले होते. मी भांडी धुऊन दारात आले आणि सवयीने हात पुसले. हातात हिरवं.

काकाजी उठले. "लाईन क्लिअर."

"अहो भाऊजी, मी बोलून राहिली नं!"

"गाडी सुटली. आता पुढच्या स्टेशनवर बोला."

आणि सुई ठेवली. ती बाई पूर्ण बाजू तोंड मिटून बसली, लाल झाली, आणि संपल्यावर चहा न घेता निघून गेली. चार दिवसांनी तिचा फोन आला. काकाजी खाली गेले होते, म्हणून मला घ्यावा लागला. ती हळू आवाजात म्हणाली, "ते तिसरं गाणं कोणतं होतं वं? डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. भाऊजीले सांगजो नको."

खाली मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा दुकानदार जिन्यात म्हणाला, "अंकलजी, आप जो बजाते हो ना, मेरे कॉलेज के सब दोस्त सुनते थे. अभी भी है फोन में, पूरा का पूरा." त्याने तिथेच लावून दाखवलं. काकाजींनी कान जवळ नेऊन ऐकलं.

"करकर नाही याच्यात."

"साफ कर दिया है अंकल."

"मग हे ते नाही," काकाजी म्हणाले आणि वर आले. पण दिवसभर त्यांचा चेहरा वेगळाच होता. आपली बायको बाजारात दुसऱ्याशी हसून बोलताना दिसावी तसा.

त्यांचे हात केव्हा बिघडले, मला नक्की सांगता येणार नाही. थंडीत सुरू झालं म्हणून आधी वाटलं थंडीच असेल. चहाचा कप वाजायला लागला. मी कपाऐवजी स्टीलचा पेला, तोही अर्धा, देऊ लागले. त्यांनी पेल्याकडे बघितलं आणि तो दोन्ही हातांनी धरला. शर्टाची बटणं उशिरा लागायला लागली, घड्याळ तर मीच बांधून देऊ लागले. डॉक्टरने गोळ्या दिल्या. "काही नाही वं, इंजिन गरम होऊन राहिलं," असं ते म्हणत.

एका दुपारी सुई त्यांच्या हातून निसटली. असा आवाज झाला की मी स्वयंपाकघरात खाली बसले. पहिल्या बाजूवर ओरखडा पडला. आता तिसऱ्या गाण्यात तो माणूस एका शब्दाशी येतो, अडखळतो, आणि पुढे उडी मारतो. काकाजी त्या दिवशी दिवा न लावता बसून राहिले. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला त्यांनी मला बोलावलं. "बाई, साबणानं हात धुवून ये वं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी माझी नखं तपासली आणि मला शिकवलं. सुईची दांडी कुठे धरायची, रेकॉर्डच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर कशी आणायची. "श्वास आत घेऊन नको ठेवू. सोडून ठेव. पोट रिकामं झालं की हात हलत नाही." मी ठेवली. करकर आली. मग गिटार. त्यांनी डोळे मिटले, आणि मी तिथेच उभी राहिले, कारण परत कसं जायचं ते सुचेना.

त्यानंतर रोज सुई मीच ठेवत होते. ही गोष्ट आम्हा दोघांतच होती. कारण त्यांची मुलगी पुण्याला असते, आणि तिने सांगून ठेवलं होतं, की जरा जरी काही कमी-जास्त झालं तरी मी तुम्हाला घेऊन जाणार आणि घर बंद करणार. तिचंही चूक नव्हतं. एकटा माणूस, गॅस, जिना. पण काकाजींना पुण्याला जायचं नव्हतं. तिथे जावई घरूनच काम करतो, दिवसभर मीटिंगा. मुलांचे अभ्यास. "तिथं म्हणते फोनवर ऐका, कानात घालून," काकाजी सांगायचे. "कानात घालून काय ऐकतं माणूस? ते तं औषध झालं."

व्हिडिओ कॉल आला की ते हात मांडीखाली दाबून बसत.

पण बिल्डिंगमधल्या कोणीतरी तिला कळवलं असावं. ती न सांगताच निघाली. स्टेशनवरून फोन आला, की मी येतेय, दोन दिवसांसाठी, आणि जातानाची दोन तिकिटं काढली आहेत. काकाजींनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे तो हातातून पडलाच.

"दोन तिकिटं म्हणजे समजलं नं तुले?" ते म्हणाले. "तिच्यासमोर सुई हातात घ्यायची पाळीच नाही आली पाहिजे. चार वाजले की तू लाल दाखव. दोन दिवस लाल. सिग्नल नाही तं गाडी नाही, कोणी विचारणार नाही."

मी मान हलवली. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. मला बोलताच येत नाही. पण फडकं दाखवायला बोलावं कुठे लागतं, असं मी स्वतःला समजावलं.

मुलगी आली. चाळिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं अगदी पुण्याचं झालेलं. मला "ताई" म्हणाली, माझी खुर्ची कुठे आहे ते विचारलं. मी खाली बसते हे सांगायला मला लाज वाटली. पहिल्या दिवशी चारला मी लाल दाखवलं. ती प्रवासाने झोपली होती. निभावलं.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी तिच्या आवडीचा पाटवडी रस्सा करायला सांगितला. वेळखाऊ काम, म्हणून. जेवताना ती बघत होती. काकाजींनी घास हातात घेतला आणि वर नेलाच नाही. "भूक नाही," म्हणाले. जेवण झाल्यावर ती कपडे घडी करायला बसली. त्यांचे. एक एक शर्ट बॅगेत जात होता आणि काकाजी खिडकीबाहेर बघत होते.

साडेतीनला ती उठून रेकॉर्डच्या पेटीसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"बाबा, आज लावा ना."

"पाहू. बाईचं काम व्हाचं आहे अजून."

चार वाजले. मी दारात जाऊन लाल दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा लाल. आता ती उठली आणि सरळ स्वयंपाकघरात आली. ओटा पुसलेला होता. भांडी पालथी घातलेली. गॅस बंद.

"ताई, काय काम राहिलंय?"

माझा घसा बंद झाला. ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "लहानपणी मी या रेकॉर्डपायी घरात चारला कधी हसले नाही. आईने कधी चहाला हाक मारली नाही. ड्युटी नसली की, ताप असला तरी बाबांनी ती चुकवली नाही. दोन दिवस झाले वाजली नाही. काय लपवताय तुम्ही दोघं?"

तिने माझ्या हातातलं लाल फडकं घेतलं, हिरवं उचललं, आणि स्वतः दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, ऑल राईट. लावा."

काकाजी उठले. आता नाही म्हणायला जागाच नव्हती. त्यांनी रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत धरून काढली, ते जमलं. मलमलच्या कपड्याने पुसली. मग दांडीला हात घातला. दांडी उचलली गेली आणि हवेत थरथरायला लागली, इकडून तिकडे, आणि खाली रेकॉर्ड गरगर फिरत होती. त्यांनी श्वास सोडला. पुन्हा सोडला. कपाळावर घाम दिसला. ती सुई पडली असती तर आरपार रेघ मारून गेली असती.

मी केव्हा निघाले मला माहीत नाही. मी त्यांच्या मनगटाखाली माझा हात लावला. त्या माणसाला मी कधी घड्याळ बांधण्यापलीकडे हात लावला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून सुई ठेवली. करकर आली.

मुलीने सगळं बघितलं. तिचं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गिटार सुरू झाली, आणि ते तोंड मिटलं.

त्या घरात गाणं सुरू असताना कोणी बोलत नाही. ती नागपूर सोडून गेली तरी तिच्या अंगातून ते गेलं नव्हतं. ती खुर्चीवर बसली. काकाजी आपल्या खुर्चीवर. मी दाराला टेकून. तिघांनाही माहीत होतं, की ही बाजू संपली की ती काय बोलणार आहे. बॅग भरलेली तिथेच होती. मी ती रेकॉर्ड इतकी कधीच ऐकली नव्हती. दुसरं गाणं लवकर संपलं. रोज ते मला लांब वाटायचं. तिसऱ्यात तो माणूस ओरखड्याशी आला, अडखळला, उडी मारून पुढे गेला. मुलगी दचकली. ती त्या जागेला ओळखत होती, आणि जागा बिघडली होती. तिने बापाच्या हातांकडे बघितलं. ते मांडीखाली नव्हते. उघडे, मांडीवर, थरथरत होते. काकाजींनी लपवले नाहीत.

शेवटच्या गाण्यात सगळे थांबतात आणि एकटी गिटार वर जाते, तिथे मला मुलीचे ओठ हललेले दिसले. पुढचा शब्द तो माणूस म्हणायच्या आधी ती म्हणत होती. आवाज न करता, सगळेच्या सगळे. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं.

बाजू संपली. सुई शेवटच्या गोल रेघेत जाऊन टिक टिक करायला लागली. ती पेटी जुनी, आपोआप थांबत नाही. कोणीतरी उठायला हवं होतं. मी उठू शकले नाही. काकाजींनी डोळे मिटूनच घेतले होते, सिग्नल मिळेपर्यंत माणूस गाडीत बसून राहतो तसे. टिक. टिक. आता ती बोलणार.

ती उठली. सुई उचलली. रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत धरली, उलटी केली, मलमलने पुसली, श्वास सोडला, आणि दुसरी बाजू लावली.

बसच्या गाण्याला काकाजींनी डोळे उघडले.

दुसरी बाजू संपल्यावर ती फोन घेऊन गॅलरीत गेली. दार उघडंच होतं. "माझं एकटीचं तिकीट राहू दे, बाबांचं रद्द कर," ती नवऱ्याला सांगत होती. "नाही, बरे नाहीत. हात खूप कापून राहिले. डोळ्यानं पाह्यलं नं मी. हो, डॉक्टरले दाखवते सकाळी... नाही रे, तिथं आणून काय करू त्याहीले?" तिचं पुणं तेवढ्यात गळून पडलं होतं.

आत येऊन ती बापाकडे न बघता माझ्यासमोर उभी राहिली.

"ताई, चारला तुम्ही रोज असता ना?"

"असते."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

काकाजी माझ्याकडे बघत होते. ती उत्तराची वाट बघत होती. घसा आवळला, पण बंद झाला नाही.

"माझी सून येईल," मी म्हटलं. "हुडकेश्वरहून एका बसनं येता येते तिले. सुई ठेवाले मी शिकवतो तिले."

"आधी तिले नखं कापाले लाव," काकाजी म्हणाले.